गाळातलं हिरवं

कंबरभर पाण्यात उभ्या राहिलेल्या रुखमाबाईने पायाच्या अंगठ्याने तळ चाचपला. पौषातलं पाणी हाडापर्यंत पोहोचत होतं. मऊ जागा लागली तशी तिने श्वास धरला, डोकं बुडवलं आणि हातातलं गाडगं तळाशी खरवडत वर काढलं. काळा, मऊ गाळ काठोकाठ भरला होता. त्यावर तळहात दाबून ती काठाकडे निघाली.

पाळीवर तोवर पाच-सहा बाया घागरी टेकवून उभ्या राहिल्या होत्या. पन्नाशी उलटलेली बाई ऐन थंडीत लुगडं भिजवून तलावातला चिखल काढते, हे काही रोजचं नव्हतं. शेजारच्या विमलबाईने विचारलंच, की म्हशींच्या मागोमाग डोकंही गेलं की काय. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. रुखमाबाईने सोगा पिळला, गाडगं डोक्यावर घेतलं आणि कुणालाच उत्तर न देता घराची वाट धरली. ती तशीच होती. एखादी गोष्ट मनात शिरली की तिचा छडा लागेपर्यंत तिला घास गोड लागत नसे, आणि छडा लागेपर्यंत ती कुणाजवळ तोंडही उघडत नसे.

तलाव मात्र त्या दिवशी पाहावा असा होता. पाणी इतकं नितळ, की काठाजवळचे दगड बसल्या जागी मोजावेत. बाभूळखेड घाटावरचं गाव. उन्हाळा तोंडावर आला की तिथल्या विहिरी तळ दाखवायच्या, म्हणून माणसं आणि ढोरं सगळी त्या एका तलावाच्या जिवावर. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा ते दिवस. नागपूरपर्यंत बाभूळखेडचं नाव एकदाच गेलं होतं, तेही या तलावापायी.

गोष्ट आदल्या फाल्गुनातली. रुखमाबाईच्या गोठ्यात तेव्हा तीन म्हशी होत्या आणि त्यांतल्याच एकीची वर्षाची वगार. तिच्या हातच्या दह्याला चिखलीच्या बाजारात नाव होतं. नवऱ्यामागे तिने त्या दह्यावरच घर उभं केलं, शेषरावाला वाढवला आणि त्याचं लग्न लावून कोकिळेला सून म्हणून आणली. कोकिळा त्या दिवसांत ‘बाहेर’ बसलेली होती. बाहेरच्या बाईने चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत राहायचं. चूल, पीठ, पाण्याची भांडी यांना हात लावायचा नाही, माणसाला शिवायचं नाही आणि तलावाच्या पाण्यात तर पाऊलही घालायचं नाही, असा गावाचा नेम. भर दुपारी सगळं गाव कलंडलेलं असताना वगारीचं रेकणं तिला ऐकू आलं, कारण ऐकायला तीच तेवढी बाहेर होती. पाणी आटून काठाला दलदल झाली होती आणि वगार पोटापर्यंत रुतली होती. कोकिळा धावत गेली, कंबरेइतक्या चिखलात उतरली आणि वगारीच्या गळ्यात दावं अडकवून तिला ओढून काढलं. रुखमाबाई पोहोचली तेव्हा सून आणि वगार दोघी चिखलाने माखून पाळीवर धापा टाकत होत्या.

आठव्या दिवशी तलाव हिरवा झाला. दगडाला शेवाळ धरतं तसा नव्हे. सगळ्या पाण्यावर हिरवी साय आली, आणि वारा जिकडे वाहील त्या काठाला ती बोटभर जाड होऊन साचू लागली. तिला कुजक्या माशासारखा वास यायचा. त्याच आठवड्यात रुखमाबाईच्या दोन म्हशी पाणी पिऊन घरी आल्या, थरथर कापल्या आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत आडव्या झाल्या. गावातली आणखी सात ढोरं गेली. असं का झालं हे कुणालाच सुचत नव्हतं. ते रुखमाबाईला सुचलं. मेलेल्या म्हशीशेजारी बसून, सगळ्या गावादेखत ती म्हणाली, की आपली सून विटाळशी असताना तलावात उतरली होती. दुःखाच्या भरात बोलून गेले, असं नंतर म्हणायला वाव होता. तिने म्हटलं नाही. गावाला कारण हवं होतं, ते मिळालं. महिन्याच्या आत कोकिळेला घाटाखाली वरवट बकालला, तिच्या भावाकडे पोहोचवण्यात आलं.

मग पाऊस पडला. चिखलीहून आलेल्या ढोरांच्या डॉक्टरने पाण्याची बाटली भरून नागपूरला पाठवायला सांगितलं होतं. पाटील भगवंतरावांना ती भरायला आषाढ उजाडला, आणि तोवर पुराने सगळं हिरवं धुऊन नेलं होतं. पाणी पिण्यालायक आहे असं उत्तर आलं. पाटलांनी ते चावडीवर मोठ्याने वाचून दाखवलं. सून गेली, पाणी निवळलं, वर सरकारी कागदही आला. आता कुणी कशाला काही म्हणेल? शेषरावाला दुसरी मुलगी करावी हेही पाटलांनीच सुचवलं. देऊळगाव राजाकडची एक मुलगी त्यांच्या पाहण्यात होती. रुखमाबाईने मान हलवली आणि वैशाखातला मुहूर्त धरायचा असं बोलणं झालं. शेषरावाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तू म्हनशीन तसं,” आणि कुदळ घेऊन शेतात गेला. त्या दिवसापासून तो घरात फारसा बोललाच नाही.

सगळं असंच पार पडलं असतं, पण दिवाळीनंतर एका गाडग्याने घोटाळा केला.

उरलेल्या एका म्हशीने त्या दिवशी जास्त दूध दिलं, म्हणून रुखमाबाईने उतरंडीच्या तळचं एक रिकामं गाडगं काढलं आणि तापवलेलं दूध त्यात ओतून ठेवलं. सकाळी पाहते तो दूध विरजलेलं, कवडी पडावी असं घट्ट दही. विरजण तिने घातलंच नव्हतं. चुकून घातलं म्हणावं तर घरात दुसरी बाई उरली नव्हती. गाडगं तर दोन महिने कोरडं, पालथं पडून होतं. ती ते मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली. राखेने घासलं, उन्हात वाळवलं, तेव्हा जुनं दही गेलं असंच ती धरून चालली होती. ते गेलं नव्हतं. मातीच्या अंगात शिरून गप बसलं होतं, आणि कोमट दूध मिळताच उठलं.

त्या दिवशी पाणी आणायला गेल्यावर तिने नितळ तलावाकडे पहिल्यांदा संशयाने पाहिलं. तिथून ती घरी न जाता शाळेत गेली. नीळकंठ मास्तर बुलढाण्याचे. गावातला शिकलेला माणूस म्हणजे तेच. पोरांना पाढे म्हणायला लावून ते बाहेर आले.

“मास्तर, तलावातलं हिरवं कुठी गेलं?”

“पुरात वाहून गेलं की.”

“वरचं वाह्यलं. तळाशी बसलं असन ते?”

“तळाशी काय राहणार? अंधार, गारठा. असल्या थंडीत ते मरून जातं, रुखमाबाई.”

“मरनं अन् निजनं यात फरक असते ना, मास्तर.”

मास्तर हसले, पण बाईने विचारलेलं त्यांच्याही डोक्यात राहिलं असावं. पौषात तिने गाळ काढून आणला त्या सकाळी ते स्वतःहून तिच्या दारात आले. तिने कुंभाराकडून तीन कोरी गाडगी आणून ठेवली होती आणि शेतातल्या विहिरीचं पाणी तिन्हींत भरलं होतं. एकात नुसतं पाणी. दुसऱ्यात तलावाचा गाळ ओंजळभर. तिसऱ्यातही तेवढाच गाळ, पण आधी चुलीवर रटरटा उकळलेला. दह्याचं भांडं विटलं तर ती ते उकळत्या पाण्याने मारून घ्यायची, तोच हिशेब. त्या उकळण्याचा असा काही वास सुटला की शेषरावाने दोन दिवस अंगणात बसून जेवण केलं.

गाडग्यांच्या तोंडावर तिने पातळ मलमल ताणली आणि मास्तरांना म्हणाली, की गाठी तुम्ही मारा, वर लाख लावा आणि शाळेचा शिक्का उठवा. कशाला, असं त्यांनी विचारलं. उद्या कुणी म्हणू नये, की अमकीचा हात लागला आणि तमकीची सावली पडली. मास्तरांनी मुकाट्याने लाख वितळवली.

आणि मग तिने ती चूक केली जी तिच्यासारख्या जपणाऱ्या बाईनेच करावी. गाडग्यांना कुणाचा धक्का लागू नये म्हणून तिने ती माजघरात, उतरंडीच्या मागे, सगळ्यांत गार आणि काळोख्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. रोज सकाळी अंघोळ करून ती मलमलीवरून विहिरीचं पेलाभर पाणी घालायची आणि दिवा धरून आत डोकवायची. पौष संपला, माघ लागला. तिन्ही गाडग्यांत पाणी होतं तसंच. गाळ तळाशी गाळच राहिला.

गावात गंमत झाली. बाया येता-जाता विचारायच्या, की गाडगी कधी वितात. पाटलांचा निरोप आला की फाल्गुनात मुलीकडचे कुंकू लावायला येतील, तयारीला लागा. रुखमाबाईने निरोप ऐकून घेतला आणि दिवा घेऊन पुन्हा उतरंडीमागे गेली. शेषराव दारात उभा होता. इतक्या महिन्यांत त्याने आपणहून काही विचारायची ती पहिली वेळ.

“माय, तुले नक्की काय पाह्यजे? ते हिरवं व्हावं का नाही व्हावं?”

रुखमाबाई दिवा धरून तशीच उभी राहिली. हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता असं नाही. गाडगं हिरवं झालं नाही, तर तिने बोललेलं खरं ठरत होतं. वैशाखात नवी सून येणार, कुणी रुखमाबाईला नावं ठेवणार नाही. आणि हिरवं झालं तर? तर बिनदोष पोरीला घराबाहेर काढणारी तीच. या दोहोंतलं कुठलं आपल्या सोयीचं हे सांगायला शहाणपण लागत नव्हतं, आणि म्हणूनच तिला मनातून भीती वाटत होती.

“मले काय पाह्यजे ते गाडग्याले मालूम नाही,” ती म्हणाली. “जे असन ते निंगन. पन मी पाह्यल्याबिगर राहत नाही.”

त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. दही लागेना. सकाळी बघावं तर दूध तसंच पातळ. रुखमाबाईने सवयीने विरजलेलं गाडगं उचललं आणि चुलीच्या उबेला सरकवलं, आणि सरकवता सरकवता तिचा हात थांबला. तीस वर्षं दही लावणारी बाई आपण, आणि गाळ मात्र गारठ्यात कोंडून तो उठायची वाट पाहतो. तलावात तरी तो थंडीत कुठे उठतो? ऊन तापलं, पाणी आटून कोमट झालं, उजेड तळापर्यंत पोहोचला की उठतो. गार अंधार तर त्याचं अंथरूण. ती स्वतःवर इतकी चिडली की त्याच पावली तिन्ही गाडगी एकेक करून शिडीवरून घराच्या सपाट धाब्यावर चढवली आणि भर उन्हात मांडून ठेवली. मास्तरांचे शिक्के शाबूत होते. माकडं येऊ नयेत म्हणून भोवती बोरीच्या काट्या रचल्या आणि दुपारभर ती तिथेच सूप घेऊन तूर पाखडत बसायला लागली.

शिवरात्र गेली. गाडगी धाब्यावर चढवल्यापासून अठराव्या दिवशी सकाळी ती मलमलीवर पाणी घालायला वाकली तर दुसऱ्या गाडग्याच्या कडेला दोऱ्याएवढी हिरवी रेघ दिसली. तिने डोळे चोळले. तिसऱ्या दिवशी रेघेची साय झाली. पहाटे ती वर तरंगायची, ऊन चढलं की अर्धी खाली उतरायची, आणि कापडाजवळ नाक नेलं तर तोच कुजका वास. नुसत्या पाण्याचं गाडगं स्वच्छ होतं. उकळलेल्या गाळाचंही. आणि तलाव अजून तितकाच नितळ होता. त्याचं पाणी तापायला वेळ होता.

तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, डाव जिंकल्याचा आनंद झाला, आणि पाठोपाठ त्या आनंदाची लाज वाटली. ती धाब्यावर फतकल मारून बसली. कोकिळा घाटाखाली होती, दहा महिने. तिचा हात ना गाळाला लागला होता ना गाडग्याला. मग गेल्या फाल्गुनातला तो दिवस रुखमाबाईने मनात पहिल्यापासून आणला, आणि जे ती वर्षभर बाजूला सारत होती ते समोर आलं. म्हशी तलावावर नेल्या होत्या तिनेच. वारा घराकडच्या काठाला होता, साय तिथेच जाड होती. वास तिलाही आला होता. पलीकडच्या काठाला पाणी मोकळं दिसत होतं, पण तिथवर जायला अर्धा कोस वळसा आणि बाजाराला उशीर होत होता. तिने पदराने नाक दाबलं आणि म्हशींना तिथेच पाजलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर मास्तरांनी पंचांसमोर लाख फोडली. तिन्ही गाडगी ओट्यावर मांडली. माणसं वाकून वाकून पाहत होती, वास घेऊन तोंड फिरवत होती. मास्तरांनी कोणत्या गाडग्यात काय घातलं होतं ते तारीखवार सांगितलं. भगवंतराव पाटील वाईट माणूस नव्हते. पण वर्षभर एक गोष्ट खरी धरून चालल्यावर ती सोडायची म्हणजे गावाच्या कारभाऱ्याला जड जातंच. ते बराच वेळ पानाचा विडा करत राहिले.

“बरं, गाळात होतं. धरलं,” ते म्हणाले. “मंग आमची नऊ ढोरं कोनाच्या पापानं मेली, ते सांगा रुखमाबाई.”

“पापानं कोनाच्याच नाही मेली, पाटील. पानी पेली अन् मेली. माह्या दोघी तं मीच नेल्या त्या काठाले, वास येत होता तरी. नाव लिहाचं असन तं माहं लिहा.”

बाईमाणसाने चारचौघांत असं स्वतःवर घेणं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. रुखमाबाईने उरलेलंही सांगून टाकलं: होळीनंतर ढोरं वाऱ्याच्या उलट्या काठालाच पाजा, वैशाखात पाणी हटलं की गाळ उपसून शेतात टाका, आणि देऊळगाव राजाला निरोप धाडा की आमच्याकडून होणार नाही. शेवटच्या निरोपावर पाटलांचा चेहरा उतरला. दिलेल्या शब्दाचं काय, असं ते म्हणाले. शब्द मी दिला, मीच परत घेते, ती म्हणाली. गाळाचं तुम्ही पाहा. पाटलांनी ‘पाहू’ म्हटलं, आणि ते त्यांनी कसं म्हटलं त्यावरून गाळ या वैशाखात निघेल की पुढच्या, हे तिला कळून चुकलं. पण तिला आज गाळाशी भांडायचं नव्हतं.

घरी आली तर शेषराव बैल जुंपत होता. तो चावडीवर मागे उभा होता आणि कधी निघून आला ते तिला दिसलं नव्हतं. गाडीत कडबा पसरलेला, शिदोरीचं फडकं बांधलेलं. कुठे निघालास, असं तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तिने हिरवं गाडगं मांडीवर घेतलं आणि ती गाडीत बसली.

वरवट बकाल तीन दिवसांची वाट. घाट उतरताना गाडी अशी हिंदकळली की अर्धं गाडगं तिच्या लुगड्यावर सांडलं, आणि डागाला येणारी घाण पुढचे दोन दिवस सोबत राहिली. पूर्णेच्या पात्रात बैल पाण्याला थांबले तेव्हा शेषराव म्हणाला, की गाडग्यात घाल थोडं पाणी, सुकून जाईल. ती नको म्हणाली. नदीचं पाणी पडलं तर कोकिळेला वाटेल हिरवं त्यातून आलं. वाटेत तिने काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. आधी म्हशींचं, मग गाडग्यांचं, मग चावडीवरचं. क्षमा मागायचा शब्द कुठे घालायचा हे मात्र तिला तिसऱ्या दिवसापर्यंत जमलं नाही, कारण तो शब्द तिच्या तोंडाला कधी बसलाच नव्हता.

कोकिळेचा भाऊ पंजाबराव शेतावर गेला होता. अंगणात लाल मिरच्या वाळत होत्या. हाक ऐकून कोकिळा घराच्या कडेने बाहेर आली आणि मिरच्यांपलीकडेच थांबली. दोन्ही हात पदराखाली घेतलेले. उन्हाने ती काळवंडली होती, पण खांदे ताठ होते. तिने गाडीपाशी उभ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. आत चला, असं काही ती म्हणाली नाही. रुखमाबाई ओट्यावर टेकली, गाडगं समोर ठेवून तिने मलमल काढली आणि जुळवलेलं सगळं सांगितलं. सांगताना क्रम चुकला, चावडी आधी आली आणि म्हशी मागून. बोलणं संपल्यावर कोकिळेने गाडग्यात लांबूनच पाहिलं.

“हे मले काऊन दाखवता, आत्याबाई? मले तं मालूम होतं. मी वगार वढली. दुसरं मी काही केलं नोहतं.”

रुखमाबाईने मान खाली घातली. तीन महिने जिवाचं रान करून जे तिने शोधलं, ते या पोरीला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.

“अन् हे हिरवं झालं नसतं तं?” कोकिळेने विचारलं. “तं तुमी आल्या असत्या?”

याचं उत्तर वाटेत जुळवलं नव्हतं. ‘आली असती’ म्हणणं सोपं होतं, आणि कोकिळेने कदाचित ते मानूनही घेतलं असतं. गाडीपाशी शेषरावाने बैलाच्या वशिंडावरचा हात काढला नाही, पण तो ऐकत होता.

“नाही,” रुखमाबाई म्हणाली. “नसती आली.”

कोकिळा तिच्याकडे पाहत राहिली. सासूच्या तोंडाकडे असं सरळ तिने लग्न झाल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. मग तिने पदर आणखी आवळून घेतला.

“मी आज बाहीर आहो,” ती म्हणाली. “पह्यलाच दिवस हाय. गाडीत शिवाशिव होईन. तुमाले चालाचं नाही.”

रुखमाबाईचा हात तिला न विचारता मागे गेला आणि त्याने लुगडं सावरून घेतलं. पन्नास वर्षांची सवय होती ती. विटाळशी समोर आली की अंग आपोआप आखडायचं. चार दिवस इथेच ओसरीवर काढावेत आणि मग निघावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पाच दिवसांनी गेलं तरी सून ती सूनच. मग सावरलेल्या लुगड्यावर तिला तो हिरवा डाग दिसला आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढं सगळं गाडग्यात दिसलं, ते हाताला अजून कळलं नव्हतं.

ती उठली. मिरच्यांना वळसा घालण्याइतकाही धीर तिला राहिला नाही. पाय टाकायला जागा मिळेल तशी ती अंगण ओलांडून गेली आणि पदराखालचा कोकिळेचा हात तिने ओढून आपल्या हातात घेतला.

“चाल,” ती म्हणाली. “आताच निंगू. घरी तलावाच्या पाळीवरूनच नेतो तुले, बाया पान्याले येतीन तवा.”

कोकिळेचा हात गार होता, ओला होता, आणि रुखमाबाईच्या बोटांना काहीतरी चिकटलं. तिने अंगठ्याने चाचपून पाहिलं. नुकतंच मळलेलं ज्वारीचं पीठ, नखांच्या कडेपर्यंत.

घरातून भावजयीचा आवाज आला, “कोकिळाबाई, तवा तापला जी. भाकर थापून ठेवली ना तुमी?”

रुखमाबाईने वर पाहिलं. कोकिळेने नजर चुकवली नाही, आणि हातही सोडवून घेतला नाही.